मागचे केस पुढे

माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे माझा नवरा. तो वकील आहे. कोर्ट सुटलं की कधीकधी मला न्यायला दवाखान्यात येतो आणि बाहेरच्या बाकड्यावर पेशंटांच्या रांगेत बसून राहतो. डोकं एकदम लख्ख. कानांवर पांढरी झालर तेवढी शिल्लक. आत मी एखाद्याला केसरोपणाबद्दल समजावून सांगते, तो बाहेर जातो, बाकड्यावर नवऱ्याशी त्याची ओळख होते आणि तो माणूस परत आत येतो.

"मॅडम, वकीलसायबांचं कामून केलं न्हाई मग?"

नवऱ्याचं उत्तर ठरलेलं आहे. तो दारातूनच सांगतो, "मला पाहिजे आसतं तर केलं आसतं की. मला काय अडलंच न्हाई त्याच्यावाचून."

अशानं किती पेशंट परत गेले, ते मी मोजलं नाही. पण केसरोपण करावं की नाही, या प्रश्नावर मी इतकी वर्षं लोकांशी तासन्‌तास बोलत आले, आणि नवरा तो एका वाक्यात उडवून लावतो, याचा मला थोडा रागच येतो.

मी त्वचारोगाची डॉक्टर. गाव बसवकल्याण, दवाखाना गुलबर्ग्याला. आता कलबुर्गी म्हणायचं, पण आमच्या पिढीची जीभ अजून वळत नाही. उमेदीची वर्षं खरूज, नायटा, कोड, उन्हानं काळवंडलेले चेहरे यांतच गेली. केस गेले म्हणून डॉक्टरकडे यायची तेव्हा लोकांना लाज वाटायची. टोपी होती, रुमाल होता, भागत होतं. पुढं मोबाइल आले, मोबाइलवर जाहिराती आल्या, आणि टकलाचा एकदम आजार झाला. मग मीही मोठ्या शहरात जाऊन हे काम शिकून आले.

बाहेरच्या माणसाला हे काम फार गूढ वाटतं. खरं तर साधं आहे. टकलावर नवे केस कुणालाच उगवता येत नाहीत. आम्ही फक्त केसांची जागा बदलतो. कपाळावरचे आणि टाळूवरचे केस जातात, पण डोक्याच्या मागं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक पट्टा असतो, तिथले केस सहसा टिकतात. तिथले केस मुळासकट एकेक करून काढायचे आणि पुढं बारीक छिद्रं पाडून लावायचे. नव्या जागीही ते टिकतात. मात्र जिथून काढले तिथं पुन्हा येत नाहीत. थोडंसं कपाळ मागं सरकलेल्याला हे छान जमतं. ज्याचं टक्कल मागं सरकत सरकत पार मानेजवळ पोचलं, त्याची मात्र पंचाईत. उघडी जागा भलीमोठी आणि मागचा पट्टा चिंचोळा. सगळं डोकं भरेल एवढा माल कुठून आणायचा?

आळंदकडचे एक गृहस्थ एकदा त्यांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा पंचविशीतला, अर्धं डोकं उघडं. बापाचे केस साठीतही असे दाट की फणी अडकावी. मी मुलाच्या मागच्या पट्ट्याबद्दल सांगत होते तर बापानं मला थांबवलं.

"ह्येचे कशाला काढायलाव? माझे काढा आन ह्येला लावा. मला काय करायचेत आता?"

दुसऱ्याचे केस अंग धरत नाही, असं मी सांगितलं.

"किडनी धरतंय की. आन केस धरत न्हाई व्हय?"

किडनी टिकवायला जन्मभर जड औषधं घ्यावी लागतात, ती किडनीसाठी घ्यायची, केसांसाठी नाही, हे मी समजावलं. त्यांना ते पटलं. मग त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगा लाजला. त्याला मी औषधं सुरू केली आणि थोडी वर्षं वाट पाहायला सांगितलं. त्या बापाचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे.

पण आज सांगायचं आहे ते वैजनाथ सरांबद्दल.

वैजनाथ सर आमच्या बसवकल्याणच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते आले. वय अडतीस. चेहरा तरतरीत, केस काळेभोर, दाट, एका बाजूला वळवलेले. मी म्हटलं, "केस तर चांगलेच हायत तुमचे. काय दाखवायचंय?"

ते उठले, दाराला आतून कडी घातली. मग पाठ फिरवून दोन्ही हात डोक्यापाशी नेले आणि केस उतरवून माझ्या टेबलावर ठेवले.

खाली टक्कल होतंच, अगदी शेवटच्या पायरीचं, मागं घोड्याच्या नालेसारखी झालर तेवढी. पण मला आधी दिसली ती कातडी. टोप चिकटवायच्या डिंकानं ती लाल झाली होती, जागोजाग सोलली होती, एका ठिकाणी पाणी सुटलं होतं. एवढ्या उन्हात बसच्या प्रवासात त्या माणसाचं काय झालं असेल, कोण जाणे.

"कधीपासून वापरायलाव?"

"लई वर्षं झाली. कॉलेजात लागायच्या आधीपासून. घरी आईला तेवढं म्हाईत हाय."

रात्री झोपतानाही टोप डोक्यावरच असायचा. वारं सुटलं की ते भिंतीच्या कडेनं चालत. गाडीवरून जाताना हेल्मेट असे, तेव्हा तेवढं निर्धास्त वाटे. होळीच्या दिवशी घराबाहेर पडत नसत. मित्रांबरोबर विहिरीवर पोहणं तर कधीच सुटलं होतं, आणि त्यांना पोहायला फार आवडायचं.

मग मुद्द्यावर आले. लग्न ठरलं होतं. मुलगी चिटगुप्प्याची, शालिनी नावाची, शेतकी खात्यात नोकरीला. दोन महिने फोनवर बोलणं चालू होतं. तारीख पावसाळ्यानंतरची.

"तिला म्हाईत न्हाई, मॅडम. तवर माझं डोकं भरून द्या. मग सांगायचाच प्रश्न न्हाई."

त्यांनी मला मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची जाहिरात दाखवली. दोन दिवसांत संपूर्ण डोकं भरून मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. बाजूला एका माणसाचे आधीचे आणि नंतरचे फोटो. नंतरच्या फोटोतला माणूस दुसराच असावा, असं मला वाटलं, पण बोलले नाही.

मी भिंग घेऊन त्यांचा मागचा पट्टा तपासला. केस होते, पण विरळ. मी जे खरं होतं ते सांगितलं. फार तर पुढचा भाग भरेल, तोही दाट नाही. टाळू उघडीच राहील. सगळं डोकं भादरावं लागेल. लावलेले केस महिन्याभरात गळून पडतात, मुळं आत राहतात, आणि नवे केस यायला पुढं कित्येक महिने लागतात. पूर्ण दिसायला वर्ष जातं. त्याआधी ही कातडी बरी व्हायला हवी, म्हणजे टोप आजपासून बंद.

"म्हणजे लग्नात..."

"लग्नात तुमचं डोकं आत्तापेक्षा वाईट दिसंल, सर."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. टोप नव्हता तेव्हा ते एक मुलगी बघायला गेले होते. वय एकोणतीस. चहा आला, पोहे आले, आणि मुलीच्या मावशीनं यांच्याकडे बघत विचारलं, "नवरदेवाचे थोरले भाऊ का तुमी? नवरदेव मागनं यायलाय व्हय?" सगळे हसले. "मी बी हसलो, मॅडम. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो." त्यानंतर टोप आला.

अशा वेळी डॉक्टरनं काय बोलायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. मी कातडीसाठी मलम लिहून दिलं आणि म्हटलं, "सर, शस्त्रक्रियेचं नंतर बघू. आधी तिला सांगा."

ते एकदम तडकले. "मी तुमच्याकडं डोकं दाखवायला आलोय. सोयरीक जुळवायला न्हाई." टोप उचलला, घाईनं डोक्यावर बसवला, तो जरा वाकडाच बसला, आणि ते निघून गेले. हे आता त्या शहरातल्या दवाखान्यात जाणार, असं मी धरून चालले. अशी माणसं परत येत नाहीत. पुढं त्यांचं काय झालं, ते आम्हाला कळतही नाही. या कामातली मला सलणारी गोष्ट तीच आहे.

वैजनाथ सर मात्र परत आले. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. सोबत एक बाई, सावळी, ठेंगणी, खांद्याला मोठी पर्स. ती खुर्चीवर बसली आणि तिनंच बोलायला सुरुवात केली.

"मी शालिनी. ह्येंनी मला सांगितलं. आता तुमी सांगा."

सरांनी तिला चिटगुप्प्याच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात बोलावून घेतलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून रुमाल सोडला होता.

"मला वाटलं ह्यो माणूस आता कायतरी मोठा आजार सांगायलाय," शालिनी म्हणाली. "टकलाचं मला काय न्हाई, मॅडम. आमचे अप्पा टकलेच हायत. पण मी फोनवर ह्येंच्या केसांचं कौतुक केलंवतं. तवा ह्येंनी काय मनलं, म्हाईत हाय? थँक यू मनलं!"

"मग काय मनू?" सर पुटपुटले.

"गप बसायचं!"

मला हसू आवरणं अवघड झालं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं, आणि हसू गेलं. हा आजार नाही, अंगाला कुठला धोका नाही, घराण्यात असतं तर मुलांना येऊ शकतं, हे मी तिला सांगितलं. मग तिनं शस्त्रक्रियेबद्दल विचारलं. मी समजावत गेले तशी ती पुढं सरकून ऐकू लागली. तिचा विषय निघाला होता.

"म्हणजे रोप उपटून दुसरीकडं लावायचं."

"तसंच."

"मग रान केवढं हाय आन रोपं किती हायत?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. तिनं सरांचं डोकं वाकवून स्वतः मागचा पट्टा पाहिला, बोटानं केस बाजूला करून पाहिला. सर बिचारे डोकं वाकवून बसून राहिले.

"आत्ता न्हाई करायचं," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून तर अजिबात न्हाई. उद्या रोप लागलं न्हाई तर माझ्या नावानं बोटं मोडतेल."

"आन लग्न?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याचं मी अजून ठरवायलेय," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

पावसाळ्यानंतरची तारीख टळली. मधल्या काळात सर मलम न्यायला येत, तेव्हा मी काही विचारत नसे. त्यांनीच एकदा सांगितलं, ते कॉलेजात बिनाटोपाचे गेले त्या दिवसाबद्दल. आधी आठवडाभर रजा काढली. मग एका सोमवारी रुमाल घरी ठेवून निघाले. गेटवरच्या शिपायानं त्यांना ओळखलं नाही, कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. वर्गात पाऊल टाकलं तसा सगळा वर्ग गार. ते फळ्याकडे वळले, लिहायला लागले, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर वळले. कानडीत म्हणाले, "झालं का बघून? आज आपण प्रकाशाचं परावर्तन शिकणार आहोत. साधन मी घरूनच आणलंय."

वर्ग खो खो हसला. सरही हसले.

"धडा तोच होता का खरंच?" मी विचारलं.

"न्हाई हो. चुंबकत्व चालू होतं. पण ह्यो धडा मी घरी आरशासमोर पाठ करून गेलोवतो."

शालिनीनं शेवटी होकार दिला आणि लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मी आणि नवरा गेलो होतो. अक्षता पडल्या, फेटा उतरला, आणि सर पंगतीत उघड्या डोक्यानं लोकांना आग्रह करत फिरले. नवरदेव हाच का, अशा नजरेनं एक म्हातारे पाहुणे त्यांना न्याहाळत होते. माझा नवरा तर भलताच खूश. दोन टकलांचा एक फोटोही निघाला.

मला वाटलं, गोष्ट संपली. इतकंच नाही, मी ती इतर पेशंटांना सांगायलाही लागले. नाव न घेता, अर्थात. बघा, एका माणसानं कसं हिमतीनं टोप काढला, संसार सुखाचा झाला, शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. ऐकणारे माना डोलवायचे.

आणि दोन वर्षांनी वैजनाथ सर माझ्यासमोर येऊन बसले. "मॅडम, आता करू या."

मी चकितच झाले. "आता कशाला? सगळ्यांना ठाऊक झालंय. बायकोला चालतंय, कॉलेजातल्या पोरांना चालतंय."

"म्हणूनच. तवा टक्कल लपवायला केस पाहिजे होते. आता लपवायचं काय उरलं न्हाई. मला फक्त पुढं थोडे केस पाहिजेत. माझी हौस हाय."

"पण तुम्ही तर टक्कल स्वीकारलं होतं, सर."

"व्हय, स्वीकारलं की. पण स्वीकारलं म्हणजे आवडलंच पाहिजे आसं हाय का?"

इतकी वर्षं मी लोकांना तपासून बघत होते की हा माणूस कुणाच्या तरी बोलण्यानं आलाय का, घाईनं आलाय का, जाहिरातीला भुललाय का. हा तसा कशानंच आला नव्हता. काय मिळणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याला जेवढं मिळण्यासारखं होतं, तेवढंच हवं होतं. अशा माणसाला नाही म्हणायचं कारण माझ्यापाशी नव्हतं. माझी छान गोष्ट मोडत होती, एवढंच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी शालिनी सोबत होती. मी पेननं कपाळावर रेघ काढली तर सर आरशात बघून म्हणाले, "जरा खाली घ्या ना." मी नाही म्हटलं. रेघ खाली घेतली की जागा वाढते आणि केस विरळ पडतात. त्यावर आमची चांगलीच जुंपली. शेवटी शालिनीनं सांगितलं, "चाळिशीच्या माणसाला चाळिशीचंच कपाळ पाहिजे. वरच राहू द्या." रेघ वर राहिली.

दिवसभर काम चाललं. सुया टोचताना ते एकदाच कळवळले, नंतर डोकं बधिर झालं. पालथं झोपून मागचे केस काढले, मग दुपारी सुट्टी. डोक्याला पट्टी बांधलेले सर शालिनीनं आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी खात माझ्या नर्सबाईंना इंद्रधनुष्य कसं होतं ते समजावत होते. मग उताणं झोपून पुढची लावणी. माझी मान संध्याकाळी आखडून गेली होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली होती. हे व्हायचंच असतं, मी आधी सांगितलंही होतं, पण त्यांच्या आईनं मधमाश्या चावल्या म्हणून घरभर चुना शोधला होता. महिन्यानं लावलेले केस गळायला लागले. फोनवर सरांचा आवाज पडला होता. "तुमी सांगितलंवतं, मॅडम. मला म्हाईत हाय. तरी उशीवरचे केस बगून रडू आलं." मी म्हटलं, येऊ द्या रडू. मुळं आत आहेत.

मग बरेच महिने काही कळलं नाही. एकदा शालिनीचा फोन आला, तो केसांबद्दल नव्हता. तिला दिवस गेले होते आणि पोटावर खाज सुटत होती, त्यावर काय लावू म्हणून विचारत होती.

शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर तिघं आली. सर, शालिनी आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी. मी सरांना दिव्याखाली बसवलं. पुढचे केस आले होते. दाट नव्हते, उन्हात खालची कातडी दिसली असती, पण कपाळाला एक कड आली होती आणि ती नैसर्गिक दिसत होती. टाळू मात्र होती तशीच, गुळगुळीत.

"खरं सांगा," मी म्हटलं. "सार्थक झालं का?"

सरांनी विचार केला. "वर्गाकडं तोंड आसतं तवर मी केसवाला. फळ्याकडं वळलो की टकला. पोरं म्हणतेत, सरांना दोन बाजू हायत." ते हसले. "पण सकाळी दाढी करताना आरशात बगतो ना, तवा बरं वाटतंय. तेवढंच पाहिजे होतं मला."

"मला तर पहिल्यासारखेच दिसतेत," शालिनी म्हणाली. "पण आरशासमोर आता लई येळ लागायलाय ह्येंना."

असं म्हणत तिनं मुलीला सरांच्या मांडीवर दिलं. पोरगी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दोन्ही हात वर केले, पुढच्या केसांत मुठी घातल्या आणि जोरात ओढलं. मी खुर्चीतून उठलेच. त्यातला एकेक केस मी हातानं लावला होता. "अगं, हळू! सोडवा तिला, शालिनी, सोडवा!"

शालिनी पुढं झाली. पण सरांनी हातानं तिला थांबवलं. डोकं आणखी खाली वाकवलं, पोरीला सोपं जावं म्हणून. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखत होतंच.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "ओढू द्या तिला."